देवांसकट दिलेली खोली

आधी मालनकाकूंचं नाव घेतो, मग बाकीचं सांगतो. शेवगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरण होती, तिच्या त्या मालकीण. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, गिरण विका आणि माहेरी जा. काकू माहेरी गेल्या नाहीत, मोटरीवर पट्टा कसा चढवायचा ते शिकल्या. दिवसभर पिठात वावरल्यामुळे त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या असायच्या, आणि लहानपणी मला खरंच वाटायचं की ही बाई म्हातारीच जन्माला आली. मला गुजरातेत मोरबीच्या टाइल्सच्या कारखान्यात चिकटवलं ते त्यांनी, त्यांच्या भावाच्या शब्दावर. गल्लीत पहिला मोबाईल आला तो त्यांच्याकडे, आणि माझ्या आईचा फोन त्यावर चालायचा तो त्यांच्याच मेहेरबानीने. आम्हांला भाडेकरू आणून दिला तोही त्यांनीच. आणि एका खंडेनवमीला मला गिरणीत बसवून त्यांनी जे सांगितलं, ते सांगितलं नसतं तर मी माझ्या हातानं माझ्या आईचं वाटोळं केलं असतं. उपकाराची माणसं सांगायला बसलो तर माझ्या आयुष्यात पुष्कळ आहेत, पण रांगेत पहिल्या मालनकाकू.

माझी शाळा नववीनंतर सुटली. सोडली की सुटली, हे अजून मला ठरवता येत नाही. दहावीची पुस्तकं आणली होती, त्यांना जुन्या वर्तमानपत्राची कव्हरंही घातली होती. वडील मी सहावीत असतानाच गेले होते. आई बाजार समितीच्या आवारात धान्य चाळायला जायची, संध्याकाळी घरी आली की तिच्या केसांतून तुरीचा भुसा निघायचा. शाळा सोड असं ती म्हणाली नाही, पण एकदा चाळणी धरलेले तिचे हात मी पाहिले आणि पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली. आधी शेवगावात हमाली, गॅरेज असं करून पाहिलं आणि मग मिसरूड फुटलं न फुटलं तोच मोरबी गाठलं.

मोरबीचं काय सांगू? आता जन्म इथंच गेला, तरी पहिल्या वर्षांचं आठवलं की घशात पांढरी भुकटी जाते. भट्टी कधी विझत नाही, तिचा घर्रर्र आवाज झोपेतही कानात. मेसमध्ये डाळ गोड, कढी गोड, बटाट्याची भाजीसुद्धा गोड. आमच्या नगर जिल्ह्याच्या जिभेला आमटी नाकातून पाणी काढणारी लागते. तिथं मी पहिले सहा महिने नुसत्या लोणच्याशी पोळी खाल्ली. मी स्वभावाने घाबरट. आई तिकडे घरात एकटी, हा एकच घोर. रोज संध्याकाळी बूथवरून मालनकाकूंच्या मोबाईलवर फोन लावायचा, काकू गिरण थांबवून हाक मारायच्या, "शांता! आलाय गं तुझा लेक तारेवरून!" आणि मग आई पदराला हात पुसत यायची, ते मला इथून दिसायचं.

"जेवलीस का?"

"व्हय तर. वांग्याचं कालवन केल्तं. तू?"

"जेवलो. कडी लावतीस ना रात्री आतून?"

"लावते रं बाबा. चोर आला तर काय नेईल, मला?"

हे रोजचं. पण कडीच्या काळजीनं माझं मन इतकं पोखरलं की एक दिवस मीच म्हणालो, पुढची खोली भाड्यानं देऊ. सोबत होईल. माझ्या पगारातून मागं एक नवीन खोली बांधून झाली होती, वर स्लॅबची. आई तिथं झोपायची, चूलही तिथंच. पुढची जुनी खोली, रस्त्याकडं दार असलेली, रिकामीच पडून होती. आईला ते पटायला वेळ लागला. आमच्या सात पिढ्यांत कुणी घरमालक झालं नव्हतं. "भाडेकरू म्हंजी पाहुनाच की," ती म्हणाली, "पाहुन्याकडून पैसं कसं घ्यायचं?"

मालनकाकूंनी फोन ओढून घेतला. "दत्ता, तू घाबरू नको, मी शिकवते हिला. हे बघ शांता, खोली द्यायची, पानी द्यायचं, पन ताट द्यायचं न्हाई. एकदा ताट दिलं की तो भाडेकरू राहत न्हाई, लेक व्हतो. मग भाडं मागताना तुझीच जीभ चावली जाईल. कळलं का? काय बी झालं तरी खायाला घालायचं न्हाई!"

भाडेकरूही काकूंनीच शोधला. नितीन नाव. जिल्हा आमचाच पण दुसऱ्या टोकाचा, अकोले तालुक्यातला, डोंगरातला. तिथं भात पिकतो, पाऊस पडतो, म्हणजे आमच्या दृष्टीनं परदेशच. बाजार समितीत वजनकाट्यावर लागला होता आणि बाहेरून बी.ए. करत होता. वय माझ्याएवढंच. हे "माझ्याएवढंच" मी तेव्हा सहज ऐकलं आणि सोडून दिलं.

तो राहायला आला त्याच संध्याकाळी आमची चूक उघडी पडली. आई सवयीनं निरांजन घेऊन पुढच्या खोलीत गेली, तर नितीन शर्ट काढून वारं घेत बसलेला. "अगं बया!" म्हणत आई मागं फिरली, आणि मग दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहून तिला उमगलं की देव तर आत आहेत. पुढच्या खोलीच्या भिंतीत कोनाडा, त्यात आमचे चांदीचे टाक, खंडोबाचा, तुळजापूरच्या देवीचा, आणि आजोबांनी बसवलेला एक वेताळ. खोली दाखवताना काकूंना, आईला, मला, कुणालाच ते आठवलं नव्हतं. देव आम्हांला भिंतीसारखे झाले होते. भिंत मोजतं का कुणी? दुसऱ्या दिवशी काकू फोनवर हसता हसता खोकायला लागल्या. "आरं, तुझ्या आईनं देवांसकट खोली दिली भाड्यानं! आता खंडोबा अन् देवी दोघं बी नितीनच्या ताब्यात. भाडं कुनाकडून घ्यायचं, त्याच्याकडून का देवाकडून?"

देव हलवायचं म्हटलं तर आमच्या घरात ते जमत नव्हतं. आजोबांचा शब्द होता, देव उचलायचे ते घर उचलायच्या वेळी, एरवी त्यांना हात लावायचा तो पुसण्यापुरता. त्यामुळे आई रोज सकाळ-संध्याकाळ "येऊ का रे बाबा?" म्हणत स्वतःच्याच खोलीत जायची. आणि नितीन? त्यानं चपला दाराबाहेर काढायला सुरुवात केली. अंडी खायची झाली तर हॉटेलात जाऊन खाऊन यायचा. आईनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात जे होतं, ते मी दहावीला पहिला आलो असतो तर माझ्यासाठी असतं.

आठवड्यात ताट गेलं. अर्थात. मला ते असं कळलं:

"काल शेंगोळी केल्ती. नितीननं तीन वाट्या खाल्ल्या. त्यांच्याकडं हुलगा कुनी खात न्हाई म्हनला, पर लई आवडल्या त्याला."

ज्याला शेंगोळी ठाऊक नाही त्याला माझं दुःख कळायचं नाही. हुलग्याचं पीठ, त्यात लसूण-मिरची वाटून घालायची, हातावर वळून वळून वेटोळी करायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. घरभर जो वास सुटतो, तो दुसऱ्या कशाला नाही. आई वेटोळी वळायची तेव्हा मी समोर बसून मोडकीतोडकी वळायचो, आणि ती माझी मोडकी वेटोळी माझ्याच वाटीत टाकायची. ते बसायचं ठिकाण आता भरलं होतं. मी फोन ठेवला, मेसमध्ये गेलो आणि गोड डाळ पुढ्यात आली. तिखटाशिवाय डोळ्यांत पाणी येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं पुढं हे वाढतच गेलं. "नितीन म्हनला, नळाला तोटी बसवू." "नितीननं रेशनच्या रांगेत नंबर लावला." "नितीन अभ्यासाला बसला की मी बाई आवाज करत न्हाई." माझ्या अभ्यासाच्या वेळी ती भांडी घासायची, आणि चांगली खणखणून. आईला ताप आला तेव्हा त्यानं रिक्षा करून दवाखान्यात नेलं, दोन दिवस पेज करून घातली. मी फोनवर त्याला म्हणालो, "लई उपकार झाले भाऊ." खरंच झाले होते, मला ते समजत होतं. देवानं मला कृतज्ञतेची अक्कल दिली आहे, पण त्या वेळी तो शब्द कडुलिंबाचा पाला चावावा तसा तोंडात फिरला. उपकार मानणं आणि जळणं ही दोन्ही कामं एकाच छातीत एकाच वेळी चालतात, ही गोष्ट मला कुठल्याच शाळेनं शिकवली नसती.

मग नितीननं मोबाईल घेतला. काकूंची गिरण सारखी थांबवायला नको म्हणून आई त्याच्याच मोबाईलवर बोलायला लागली. म्हणजे माझ्या आईशी बोलायचं तर आधी त्याचा आवाज ऐकायचा. "हां दादा, बोला! मावशी, दादांचा फोन!" तिला तो मावशी म्हणायचा. मागून पंख्याचा आवाज यायचा, ताटलीचा यायचा, कधी आईचं हसणं यायचं, फोन तिच्या हातात जायच्या आधीचं. फोन हातात आल्यावर ती माझ्याशी गंभीर व्हायची, काळजीनं बोलायची. हसणं तिकडं, काळजी माझ्या वाट्याला. परवा माझ्या मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, पप्पा, काळजी जास्त जवळची असते. असेल. पण हसणं ऐकायला गोड लागतं.

अशात नवरात्र आलं. आमच्या घरी घट बसतो. शेतातली काळी माती आणून पत्रावळीवर पसरायची, त्यात गहू-ज्वारी पेरायची, वर पाण्यानं भरलेला मातीचा घट, नऊ दिवस विझू न देता दिवा, आणि रोज एक फुलांची माळ आढ्याच्या खुंटीवरून घटावर सोडायची. आमच्याकडं तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ लागते. घरची रीत अशी की पहिली माळ ज्याच्या हातची, दसऱ्याला घट उठवायचा तोही त्यानंच. मधे हात बदलायचा नाही. वडील गेल्यापासून तो हात माझा होता. मोरबीला आल्यावर आई स्टुलावर चढून कशीबशी माळ सोडायची, आणि मला म्हणायची, "तुझाच हात म्हनून सोडते." तेवढ्यावर मी वर्ष काढायचो.

त्या वर्षी घटस्थापनेच्या संध्याकाळी फोन केला. आई म्हणाली, "गुडघा लई दुखतोय रं, स्टुलावर चढवंना. नितीननं सोडली माळ. अंघोळ करून, सोवळं नेसून सोडली बरं का. तरवड बी त्यानंच आनला, पार माळावरून."

मी विचारलं, "पहिली?"

"पहिली," ती म्हणाली. तिलाही रीत ठाऊक होती.

मी सुपरवायझरच्या पाया पडलो. नवरात्रात गुजरातेत सुट्टी मागणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच विचारा. अर्धा कारखाना गरब्याला पळालेला असतो. शेवटी नवमी-दशमी मिळाली. गाड्या बदलत मनमाड, तिथून एसटी. शिर्डीला सगळी गाडी उतरली, हारवाल्यांनी खिडकीला गुलाब लावले, आणि पुढं नेवाशापर्यंत मी आणि कंडक्टर असे दोघंच. वाटेत मी मनाशी पक्कं केलं. दसऱ्याला घट मी उठवणार, आणि त्याच दिवशी नितीनला खोली सोडायला सांगणार. मालक मी आहे. दुसरा भाडेकरू बघू, एखादी म्हातारी, शिक्षिका, कुणीही. आईच्या मांडीशी बसणारा नको.

खंडेनवमीला दुपारी घरी पोचलो. पुढचं दार लोटलेलं. ढकलणार तोच आठवलं की हे दार आता भाड्यानं दिलंय. माझ्याच घराच्या दारावर मी टकटक केली.

"कोण?" आतून आवाज.

"मी. दत्ता."

"अरे दादा! या, या ना! बसा."

बसा म्हणाला. खाट माझ्या वडिलांची, चादर त्याची. मी बसलो. समोर कोनाडा, खाली घट, आणि घटावर तरवडाच्या माळा. एकसारख्या, घट्ट, प्रत्येक फुलाला वेगळी गाठ, त्यांच्या डोंगराकडच्या पद्धतीची. माझ्या माळा नेहमी मधे बारीक, शेवटी जाड व्हायच्या. इतक्यात आई मागून आली, हाताला पुरणाची डाळ लागलेली. "आलास व्हय! वाळलास किती रं!" माझ्या गालावरून तिचा हात फिरला आणि लगेच पुढचं वाक्य, "नितीन, दादाला पानी दे रं." त्यानं तांब्या आणून दिला. तो मुलगा अगदी साधा होता, हसरा, बारीक हाडाचा. त्याच्यावर राग काढावा असं काहीच त्याच्यात नव्हतं, आणि हीच त्याची मला सगळ्यांत मोठी आगळीक वाटली.

"घट बघ कसा उगवलाय," आई म्हणाली, "पिवळाधमक. नितीनचा हात लाभला."

"माझ्या वेळी बी उगवायचा."

"उगवायचा की," आई म्हणाली, आणि ती खोटं बोलत नसल्यामुळे पुढं म्हणाली, "पन असा न्हाई."

मी उठून गिरणीकडं गेलो.

गिरण बंद होती. खंडेनवमीला काकू मोटर पुसून हळद-कुंकू लावायच्या, पट्टा उतरवून ठेवायच्या, दगडावर नारळ. एरवी कानठळ्या बसवणारी ती जागा त्या दिवशी देवळासारखी शांत असायची. "काय मालक, आला व्हय भाडं वसूल करायला?" काकू म्हणाल्या आणि झेंडूची टोपली माझ्याकडं सरकवली. "तोरण ओव. तोंड का पाडलंय?"

"काकू, उद्या त्याला खोली सोडायला सांगनार हाय."

"का? भाडं देत न्हाई?"

"देतो."

"पितो?"

"न्हाई."

"तुझ्या आईला उलट बोलतो?"

"न्हाई."

"मग?"

जे तोंडातून बाहेर पडलं ते असं: "त्याला शेंगोळी मिळत्यात." मला वाटलं, त्या आता पोट धरून हसतील. त्या हसल्या नाहीत. हातातलं फूल त्यांनी टोपलीत टाकलं.

"दत्ता, गिरनवालीला घर दळनावरून कळतं. तुमी दोघं हुता तवा तुझ्या आईच्या डोक्यावर पाटी यायची. तू गेलास, डबा यायला लागला. मग डब्याचं बारकं पातेलं झालं. मग म्या वाट बघायची अन् ती यायचीच न्हाई. एक दिस मीच गेले, म्हनलं शांता, दळन आन की. तर म्हनली, हाय अजून पीठ. डबा उघडून बघितला, पिठाला जाळी धरलेली."

मी ओवायचं थांबलो.

"तुला फोनवर काय सांगायची ती?"

"कालवन केल्तं... भाकरी..."

"माझ्या म्होरं उभी राहून सांगायची. कधी वांग्याचं, कधी शेवग्याच्या शेंगांचं. म्या ऐकायची अन् मोटरीकडं बघत राहायची. फोन ठिवला की घरी जाऊन शिळा तुकडा अन् चटनी. न्हाईतर नुसता च्या. एकटीपुरती चूल कोन पेटवतं रं? तू म्हनत हुतास, सोबत पायजे, कडी पायजे. मला कडी नको हुती. मला तिच्या घरात खानारं तोंड पायजे हुतं."

"पन तुमीच तर म्हनला, ताट द्यायचं न्हाई..."

"आता तुझ्या आईला मी वळखत न्हाई व्हय? 'घाल' म्हनलं असतं तर म्हनली असती, परक्या पोराला मी का घालू. 'घालायचं न्हाई' म्हनलं की तिचा जीव राहत न्हाई. आठ दिस बी टिकली न्हाई." आता मात्र त्या थोड्या हसल्या, पांढऱ्या भुवयांखाली. "आता पाटी येती परत. डोक्यावर घिऊन, गुडघा दुखत असला तरी. काढ त्याला. खोली तुझी, मालक तू. पन चूल कोन पेटवनार हाय त्याच्या मागं, ते ठरव आन मग काढ."

मी तिथून उठलो. तोरण तेवढं पूर्ण झालं होतं. माझ्या मनातला मत्सर गेला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तो तसाच होता, उलट त्याला आता दुसरी धार आली. जे मला करायला हवं होतं, माझ्या आईला रोज दोन वेळा जेवायला लावणं, ते तो मुलगा नुसता पाटावर बसून करत होता, आणि त्याला ते माहीतसुद्धा नव्हतं. आणि मी परत यावं म्हटलं तर शेवगावात मला काय होतं? नववी नापासाला नव्हे, नववी पासाला तरी कोण विचारतं?

दसऱ्याच्या सकाळी आम्ही चौघं पुढच्या खोलीत. काकू दारात उभ्या, केसांत फूल. नितीन अंघोळ करून आला आणि घटापाशी न जाता भिंतीला टेकला. "दादा, तुम्ही उठवा," तो म्हणाला. "घर तुमचं आहे. मी काय, नुसती मदत केली." आई दिव्याची वात उगाचच पुढं सारत राहिली, बोटानं, काडीनं नाही. तिचं बोट भाजत असणार. ती ना माझ्याकडं बघत होती ना त्याच्याकडं. मला एवढंच करायचं होतं, दोन पावलं पुढं जाऊन हात घालायचा. घट हलला असता, आई "उदं गं आई" म्हणाली असती, आणि सगळं पूर्वीसारखं. संध्याकाळी त्याला खोलीचं सांगितलं असतं. तोही मुकाट गेला असता, तसलाच होता तो.

"पहिली माळ तुझी," मी म्हणालो. "घट तुझ्या हातचा. उठव."

"पण दादा..."

"रीत हाय ती आमच्या घरची. तुला खोली दिली ती देवांसकट दिली. उठव."

नितीननं घट उठवला. आईचा आवाज फुटला, "उदं गं अंबे उदं!" आणि तिनं पिवळ्या अंकुरांचा पहिला तुरा खुडून त्याच्या टोपीत खोवला, कारण घट उठवणाऱ्याचा मान पहिला. दुसरा माझ्या टोपीत. पहिला-दुसरा मी मोजला, नाही मोजला असं कशाला म्हणू. छातीत जाळ झाला, आणि तो जाळ घेऊनच मी सगळ्यांच्या पाया पडलो. दुपारी पुरणपोळी झाली. एरवी आई आम्हांला वाढून मागं एकटी जेवायची. त्या दिवशी काकूंनी तिला हाताला धरून पंगतीत बसवलं. माझं पानावर लक्षच नव्हतं. मी आईला जेवताना बघत होतो. तिनं पोळी गुळवणीत बुडवली, तूप मागून घेतलं, दुसरी पोळी घेतली, आमटीचा भुरका मारला आणि नितीनला म्हणाली, "मीठ कमी पडलं का रं?" वर्षानुवर्षांत मी तिला जेवताना पाहिलं नव्हतं. तिच्या गळ्याखालची हाडं झाकली गेली होती. हे सगळं त्या परक्या पोराच्या निमित्तानं, माझ्या नाही.

परत मोरबीला आलो आणि त्या दिवसापासून मी आईला "जेवलीस का" विचारणं सोडून दिलं. त्या प्रश्नाला ती तोंडपाठ उत्तर द्यायची. मी विचारायचो, "आज नितीनला काय केलंस?" मग ती खरं सांगायची, अगदी फोडणीपासून. "आज मासवडी केली. जरा फुटली, पर खाल्ली त्यानं. रस्सा उरला तो म्या सकाळी भाकरीत चुरला." बस, तेवढं मला पुरायचं. नितीनला बहुधा वाटत असावं की हा मालक भाडेकरूच्या पोटावर भारी लक्ष ठेवतो. रोज संध्याकाळी मी त्याच्या ताटाची चौकशी करायचो, रोज जळायचो, आणि जळत जळत मेसकडं चालायला लागायचो, हलका होऊन.

पुढं नितीनला सरकारी नोकरी लागली, तो गेला. आईनं त्या दिवशी डोळ्याला पदर लावला असं काकूंकडून कळलं. मी गेलो तेव्हा लावला होता का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. त्याच्यामागून काकूंनी दुसरा भाडेकरू आणला, मग तिसरा. सगळ्यांना ताट गेलं. शेवटी माझं लग्न झालं, मुलगा झाला, आणि आई देवांचे टाक नव्या फडक्यात बांधून मोरबीला आली. घर उचललं तेव्हाच देव उचलले. आता ती गोड डाळीला नावं ठेवत आमच्यात राहते, आणि नातवाला हाक मारताना अजून कधी कधी "नितीन" म्हणते. मग माझ्याकडं बघून जीभ चावते. तिला कळतं. मलाही अजून टोचतं, या वयात, काय करू.

काकूंची गिरण बंद होऊन बराच काळ झाला. लोक आता पिठाच्या पिशव्या आणतात. त्यांची मुलं पुण्याला, काकू शेवगावातच, गिरणीमागच्या खोलीत. मी दर रविवारी फोन करतो. "जेवलात का काकू?" म्हटलं की लगेच उत्तर येतं, "व्हय की, मेथीची भाजी केल्ती, भाकरी केली." फार लगेच येतं ते. पुढचं मी काही विचारत नाही, विचारण्यासारखं त्यांच्या घरात दुसरं कुणी नाही. माझी इथली नोकरी अजून काही वर्षं आहे, पोराचं शिक्षण मधे आहे, पण ते मार्गी लागलं की मी शेवगावला जाणार आहे. माझ्या घरात नाही. काकूंच्या गिरणीत, जिथं मोटर होती त्या जागेत, खाट टाकून, रीतसर भाडेकरू म्हणून. त्या म्हणतील, खोली देईन, पाणी देईन, ताट देणार नाही. म्हणू देत. मी भुकेला बसून राहीन, त्यांनी चूल पेटवेपर्यंत. तोवर काकूंनी थांबावं, एवढंच माझं त्यांच्याकडं मागणं आहे.